सोनाआत्याची टेप

"उंबराचा धवला आधी, हलदीचा मागून!" माझी धाकटी जाऊ पारू हात नाचवत होती.

"हळदीचाच आधी. मला शिकवू नको," मी म्हटलं.

नातीची हळद दोन दिवसांवर आली होती. धवले गाऊन लग्न लावणारी आमची सोनाआत्या कधीच वारली आणि करावे गावात आता दुसरी कुणी नाही. चुकीचं गायलं तर ते लग्न मी तरी लग्न मानणार नव्हते.

आत्याने धवले गायलेली माझ्या लेकाच्या लग्नाची टेप होती, पण ती ज्यात चालायची त्या कॅमेऱ्याचा पडदा बंद पडलेला, आणि त्याची वायर बसेल असं भोक हल्लीच्या लॅपटॉपला नसतंच. दुकानदार म्हणाला, "आजी, भंगारात द्या." मी सातवी नापास आहे, पण मोबाईलवर बघून शिकले. वायरीला एक जोडणी लावली, तिला दुसरी, दुसरीला तिसरी. तिसरी लॅपटॉपात बसली.

"शेपटीला शेपूट लावून काय दिसनार?" पारू म्हणाली. "उंबराचाच आधी!"

"हळदीचा!"

तेवढ्यात लॅपटॉपचा पडदा निळा झाला, खरखरला, आणि मांडवात बसलेली सोनाआत्या समोर आली. जिवंत! पान चघळत होती. कॅमेऱ्याआडून दोन बायकांचं भांडण ऐकू येत होतं. ते आवाज आमचेच होते, तेव्हाचे. पारूने माझा हात घट्ट धरला.

आत्याने मान वळवली, थेट आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गप र्‍हावा गो दोघीजनी, मना धवला गाऊ द्या!"