गच्चीवरचं मत

सर्व्हेवर माझा विश्वास का नाही, सांगतो. मोबाइल नवे आले तेव्हा आमच्या पेपरनं ठरवलं, घरच्या फोनवर आणि मोबाइलवर लोक एकच सांगतात का, ते निवडणुकीआधी विचारून बघायचं. माधव नगरातले आमचे शेजारी काका दोन्ही याद्यांत निघाले. वॉर्डातून उभे होते काकूंचे सख्खे भाऊ.

घरच्या फोनवर काका गरजले, “मत मेहुण्यालाच! ये भी कोई पूछने की बात है?”

मोबाइलवर कुजबुजले, “गच्चीवर आलोय. त्याला सोडून कुणालाही. जल्दी लिही, इनकमिंगचे पैसे लागतात.”

खरं काय धरायचं? पुन्हा घरी फोन लावला. काकूंनी उचलला.

“हे अजून गच्चीवरच आहेत. माझंही लिहून घे, भावाला नाही. पण यांना सांगू नकोस हं, फार जीव आहे त्यांचा मेहुण्यावर.”