मनगटाचा दोरा

कचेरीच्या रांगेत मास्तरीणबाईंच्या पुढे दोघं शेजारी उभे होते, एक शिंपी आणि एक सलूनवाला. मास्तरीणबाईंचे कान तिकडेच.

"लाव पैज!" सलूनवाला शिंप्याला म्हणाला. "वहिनींच्या देखभालीचं अनुदान मंजूर झालं, तर त्या बाकावर सगळ्यांसमोर झोपायचंस."

"आणि नाही झालं, तर तू मिशी उतरवायचीस."

"कबूल! दादा, मनगटाला हा दोरा कसला?"

"दुसरं टोक रात्री हिच्या मनगटाला असतं. अंथरुणात जरा हलली, की मला जाग. चार वर्षं झाली, ती आजारी पडल्यापासून. आज तुझी बायको बसलीय तिच्यापाशी, तर दोरा सोडायचाच राहिला."

खिडकीतून कारकून म्हणाला, "काका, मंजूर! सांभाळणाऱ्या ताई आजपासून रोज येणार, रात्रीसुद्धा. पगार सरकारचा."

"रात्रीसुद्धा?"

"दादा, बाक रिकामा आहे."

"अरे, गंमत होती ती!"

"हरलास ना? हो आडवा."

"पाचच मिनिटं हं... ती हलली तर?"

"टोक मी धरलंय. मीट डोळे."

"कापसाचे ढग दिसतायत रे... एकालाही शिवण नाही..."

"पुढचा नंबर!" कारकून ओरडला.

"शूऽऽ!" मास्तरीणबाईंसकट अख्खी रांग म्हणाली.