शेजारची मोरी

आज मात्र खरंच घरात कोणी न्हाय, बाबा. कुलूप दिसतंय ना दाराला. बेल कितीही दाब, आतल्या आत वाजेल आणि गप्प होईल. रंजिता धाकटीला घेऊन डॉक्टरकडे गेलीय, मोठा बालवाडीत, आणि हरेश ड्युटीवर — मानकोलीच्या गोदामात, सकाळची शिफ्ट. ये, इथं माझ्या ओट्यावर बस. इथं ऊन येतंय. तिकडं त्यांच्या दारात सावली, या थंडीत लादीवर बसलास तर कंबर धरून उठशील. थापी आणि बादली ठेव खाली, कोण नेत न्हाय. चहा घेतोस? घे. मी टाकणारच होती, पण एकटीसाठी टाकायचा कंटाळा येतो, म्हणून बसली वालाच्या शेंगा सोलत. दिघाशीचा ना तू? कोणाकडचा? लडकूचा पुतण्या — लडकू म्हणजे तोच ना, ज्याच्या पोरीचं लग्न मोडलं होतं आणि मग परत तिथंच झालं? ओळखते ना. तिला काय मूलबाळ? बरं, राहू दे, मी आपलं सहज विचारलं.

हरेशला फोन करतोस? कर, पण उचलणार न्हाय. गोदामात फोन आत नेऊ देत न्हायत, गेटवर लॉकरमध्ये ठेवून जायचं. संध्याकाळी सुटला की बघेल. आणि रागावलाय तो तुझ्यावर, आधीच सांगते. परवा फोनवर भांडलात ना तुम्ही दोघं? ऐकलं मी — ऐकलं म्हणजे, मधली भिंत एका विटेची, कान झाकून बसू काय. फोन स्पीकरवर होता त्याचा, तू बोललास, मी दोनदा येऊन गेलो, शेजारच्या बाईने परत पाठवलं. तो बोलला, माझी बायको दिवसभर घरातच होती. मग आला माझ्याकडे विचारायला, आक्का, लादीवाला आलेला काय. मी बोलली, बाबा मी मागे चुलीजवळ असते, पुढचं मला काय दिसतं. — असा बघू नको माझ्याकडे. चहा उकळतोय, थांब, ओतून आणते.

घे. आलं जास्त पडलंय, पण थंडीचं बरं असतं. तर तू आलास त्या दिवशी — मंगळवारी ना — रंजिता झोपली होती. खरं सांगते, झोपलीच होती. रात्रभर धाकटीने खोकून जागवलेलं, सकाळी मोठ्याला सोडून आली आणि आडवी झाली तशी चप्पल पायातच. आता तू गेला असतास, धडधड लादी फोडली असतीस, ती उठली असती. म्हणून मी बोलली तुला, माहेरी गेलीय, नंतर ये. कोणाच्या भल्यासाठी बोलली? तिच्याच ना? — त्याच्या आधीच्या वेळेला काय? त्याच्या आधीच्या वेळेला... तेव्हा पण काहीतरी होतं. आता आठवत न्हाय. माणसाला सगळं आठवतं काय.

तुला या मोरीची गोष्ट ठाऊक हाय का पण? दिवाळी झाली आणि हरेशला अक्कल सुचली. पोरांना थंडीत मोरीत उभं करवत न्हाय, खालची फरशी उखडलेली, वरून वारा — नवीन करू या बोलला. गवंडी कशाला, मी मोबाईलवर बघितलंय, सगळं येतं. आणलं सामान. रविवार आला की नवराबायको दोघं लागायची, आणि पोरं मध्ये. भाविक, मोठा, पाच वर्षांचा — तो सिमेंटच्या तगारीत हात घालून बसायचा, सांगायचा मी इंजिनियर हाय. धाकटी, पूर्वी नावाची, दीड वर्षाची, ती वाळू खायची. रंजिता एका हाताने तिच्या तोंडातली वाळू काढायची, दुसऱ्या हाताने नवऱ्याला लादी द्यायची. लाद्यांचे खोके बाहेरच्या खोलीत, त्याच्यावर पोरांची अंथरुणं, त्याच्यावर धुतलेले कपडे, कपड्यांवर मांजर. मी बघायची इथून. घर होतं की टेम्पो, कळत नसे. आणि झाल्या एकदाच्या लाद्या लावून. निळ्या, चांगल्या दिसल्या. पहिली बादली ओतली हरेशने, सगळे उभे बघायला, मी पण गेली. पाणी गेलं मागच्या भिंतीपर्यंत, तिथं थांबलं, कोणाची वाट बघतंय असं — आणि आलं फिरून स्वयंपाकघरात. पिठाचा डबा भिजला. भाविक टाळ्या वाजवायला लागला. रंजिताने पोतेरं घेतलं आणि खाली बसली पुसायला. का परत आलं, ते तुझं काम, तू बघ.

दुसऱ्या दिवशी फोडलं सगळं. तेव्हापासून ती अशीच, उघडी, मातीची. रंजिता भांडी अंगणात घासते. आंघोळ पहाटे, पोरं उठायच्या आत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आडोशाला साडी बांधून, दोन तांबे भीतभीत. आणि पोरं — पोरं माझ्याकडे.

माझ्याकडे म्हणजे मीच बोलली होती. पहिल्या दिवशी बघितलं, त्या पोराला अंगणात उघडं उभं केलेलं, दात वाजतायत, म्हटलं आण इकडं. आमच्यात दोन मोऱ्या हायत. मार्बल हाय, गिझर हाय, वरून पाऊस पडतो तसला फवारा हाय. शेत गेलं गोदामात, त्याचे पैसे आले, माझ्या पोराने सगळं करून घेतलं आणि स्वतः गेला कल्याणला टॉवरमध्ये राहायला. पण पोरांना मी तिथं न्हाय घालत. मागे चूल ठेवलीय मी. पोरगा येतो तेव्हा बोलतो, आई काढून टाक ती, धूर होतो. न्हाय काढली. गोदामातली तुटकी पॅलेट मिळतात, लाकडाची, गेटवरचा वॉचमन टाकतो आमच्याकडे. त्यातले खिळे आधी उपटावे लागतात, न्हायतर राखेत राहतात आणि पोरांच्या पायात जातात. सकाळी उठून मी खिळे काढत बसते. माझे गुडघे न्हाय राहिले आता, मनगट पण रात्री ठणकतं. आमचे हे बोलतात, तुला कोणी सांगितलंय, गिझरचं बटण दाब. बटण दाबून काय होतं? पाणी गरम होतं. एवढंच होतं.

चुलीवरच्या पाण्याला पोरं दोन्ही येऊन बसतात ना. भाविक पाटावर बसतो, फुंकणी मागतो. पूर्वीला पाय पसरून आडवी घेते, तेल लावते — ओवा-लसूण घातलेलं, माझी सासू करायची तसं — तर ती माझ्या पायावर अशी सैल पडते, हाडंच न्हायत जशी अंगात. आधी दोन दिवस रडली. आता मी तेलाची वाटी उचलली की स्वतःच येऊन पालथी पडते. भाविक ओरडतो, आक्का, डोळ्यात नको, आक्का, डोळ्यात नको, आणि डोळे सताड उघडे ठेवतो. गल्लीतल्या पोरांबरोबर खेळून हिंदी शिकलाय, मला विचारतो, आक्का, पानी गरम है क्या, हे बरोबर? मी सांगते, बरोबर हाय, बस. मग उन्हात टॉवेल गुंडाळून दोघांना बसवते, याच ओट्यावर, तू बसलायस तिथं.

तू पोरांचा बाप हायस का? दोन? मग तुला कळेल. न्हायतर न्हाय कळणार. या दिवसांत मला कधी बसायला मिळायचं न्हाय. भात झोडून झालं की लगेच वाल पेरायचे, मागे सगळं आमचंच होतं, त्या भिंतीपासून तिकडं. सकाळी दव पडलेलं, पाय बधीर व्हायचे. शेंगा आल्या की दुपार नसायची, रात्र नसायची. तेव्हा बोलायची, देवा, एक दिवस नुसतं बसव. आता बसवलंय. वाल बाजारातून आणते आणि सोलते. यावर पण आमचे हे बोलतात, सोललेले मिळतात, तेच आण.

किती बोलते मी. तू पण ऐकून घेतोयस, स्वभावाने गरीब दिसतोस. चहा निवला असेल. — काय? हो, बोलली. हो बाबा, बोलली मी तुला, घरात कोणी न्हाय. पहिल्या वेळेला ती आतच होती. जागी होती. चपात्या लाटत होती, लाटण्याचा आवाज येत होता. आणि पोरं मागे माझ्या चुलीजवळ होती, आंघोळ व्हायची होती, आणि तू गल्लीच्या तोंडाशी आलास बादली घेऊन. मी काही ठरवून न्हाय बोलली. तोंडातून गेलं. वाटलं, एक दिवस. दुसऱ्या वेळेला ती झोपली होती हे खरं, पण तू विचारलंस, हाक मारू का, तर मी कशाला बोलली माहेरी गेलीय? झोपलीय बोलली असती तर तू बसून राहिला असतास. म्हणून.

तुझा रोज बुडाला असेल. त्याचं मी — न्हाय, ते हरेशचं तुमचं तुम्ही बघा, पण त्याला मी सांगेन की तू आलेलास. सांगेन. कसं सांगेन ते मला ठाऊक न्हाय अजून.

आता तुला सांगते, मला काल काय झालं. धाकटीचा खोकला जात न्हाय. माझ्याकडून न्हाऊन जाते, अंग गरम, डोकं ओलं, आणि हे पुढचं अंगण ओलांडताना वारा लागतो, रोज लागतो. मी टोपरं घालते, शालीत गुंडाळते, पण लागतो तो लागतोच. रंजिता मला काही बोलली न्हाय त्यावरून. मुलगी तशी न्हायच बोलणारी. काल पोरांना घ्यायला आली, इथंच बसली, या पायरीवर. पोरं भांडत होती तिकडं, ती उठली न्हाय. मग बोलली, आक्का, मला ना एकदा दार लावून आंघोळ करायचीय. सावकाश. बाहेरून कोणी आई आई ओरडलं तरी ऐकू येणार न्हाय, अशी. एवढंच बोलली आणि हसली, आणि हसता हसता भिंतीला डोकं टेकलं तिने, तर झोपच लागली तिला. बसल्या बसल्या. तोंड उघडं. पोरगी हाय ती, माझ्या पोरापेक्षा लहान. मी बघत बसली. पोरांना बोलली, आवाज करू नका. भाविक आला हळूच, माझ्या कानाशी येऊन बोलतो, आक्का, आमचं बाथरूम बनलं ना, की तू पण येत जा आमच्याकडे आंघोळीला, मी तुला पाणी टाकीन.

मी टॉवेलने त्याचं डोकं परत एकदा पुसलं.

रिक्षा थांबली बघ. तीच असेल, डॉक्टरकडे गर्दी नसेल आज. ऐक, ती येते तोवर ऐक. उतार मागे देऊ नको. हरेशने मागे दिला, त्याच्या बापाच्या मोरीचा होता तसाच. आमच्या सगळ्यांचा मागेच होता, पाणी वालात जायचं, कोणी कधी बघितलं न्हाय कुठं जातं ते. पण गोदामवाल्याने तिथं भराव टाकला, माणूसभर उंच. मागच्या भिंतीतलं भोक हाय ना, ते पलीकडून मातीने बुजलंय. पाणी काय डोंगर चढणार? आमच्याकडे पण तसंच तुंबलेलं, मग ह्यांनी उतार फिरवून घेतला, पुढं, रस्त्याच्या गटाराकडे. तसाच फिरव तू पण. उंबऱ्याच्या खालून पाईप काढ, जागा हाय. — हो, मला ठाऊक होतं. हरेश लाद्या लावत होता तेव्हा पण ठाऊक होतं, दारातच उभी होती मी. आता ते नको विचारू.

आली. बघ, पोरगी खांद्यावर झोपलीय. जा, तिच्या हातातली पिशवी घे, कुलूप काढायला हात मोकळा न्हाय तिचा. तिला सांग मी लादीवाला, आजच सुरू करतो. माझं काय सांगायचं ते मी सांगेन. आणि ऐक, लादी बसल्यावर पाणी किती दिवस टाकायचं नसतं? दोन? चार सांग ना तिला. चार दिवस सुकू द्या, असं — न्हाय. न्हाय, राहू दे. जे हाय तेच सांग. कप ठेव तिथंच, मी उचलते. जा.