रंग धरणारं पाणी

आमचे लोक बेंगळुरात कधी आले हे कोणाला धड सांगता येत नाही, फौजेबरोबर आलो म्हणतात, फौज गेली पुढं आणि आम्ही राहिलो इथंच, कोणी शिवणारे, कोणी रंगवणारे. आता मराठी म्हणावं तर महाराष्ट्र मी डोळ्यांनी बघितलेला नाही, आणि कन्नड म्हणावं तर घरात सगळं मराठीच, मध्येच थोडंला स्वल्प, बरंला सरी असलं काही तोंडात येतं, त्याला तुम्ही हसू नका. माझं नाव शांता, पेटेत, म्हणजे इथल्या बाजारपेठेत, सगळे शांताक्का म्हणतात. माहेर रंगाऱ्याचं, सासरही रंगाऱ्याचं. वडील लवकर गेले तशी माहेरची भट्टी मोडली आणि अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कारखान्यात फिटर म्हणून लागला, त्याला कारखान्याची क्वार्टर मिळाली, घरात नळ. तो नळ लक्षात ठेवा बगा, सगळं तिथंच येऊन थांबतं.

सासर म्हणजे पुढं दुकान, मध्ये घर, मागं परसात विहीर. विहिरीच्या एका अंगाला भट्टी आणि रंगाचे हंडे, दुसऱ्या अंगाला कोपऱ्यात संडास, आणि ह्या सगळ्याचं पाणी ज्या मोरीतनं जायचं ती मोरी विहिरीच्या कठड्याला घासून. मोरीचे दगड निखळलेले, पाणी बाहेर कमी जायचं आणि जमिनीत जास्त. मी नवी नवरी, मला काय कळतंय, पण नाकाला तर कळतंय ना हो! विणकरांचं सूत रंगवायचं हा आमचा धंदा, लडीच्या लडी, जांभळ्या, शेंदरी, मोरपंखी, परसभर बांबूंवर वाळत घातलेल्या. दिसायला असं सुंदर की येणारा जाणारा उभा राहायचा. वास मात्र आम्ही घ्यायचा.

आणि मामंजी. सासरे माझे. काय सांगू तुम्हाला, माणूस वाईट नव्हता, हाताला असा गुण की पेटेतले दुसरे रंगारी त्यांच्याकडे विचारायला येत. त्यांची एक पद्धत होती, त्यांच्या आजापासून चालत आलेली. पाणी चांगलं की वाईट ते सुताला विचारायचं. बादलीभर पाणी काढायचं, चिमूट रंग टाकायचा, पांढरी लडी बुडवायची, सावलीत वाळवायची. सारखा रंग बसला, चकाकी आली, की पाणी चांगलं. आणि जे पाणी रंगाला चांगलं ते सगळ्याला चांगलं, आंघोळीला, भाताला, प्यायला, गाईला. झालं, संपलं. आमच्या विहिरीच्या पाण्यावर रंग असा धरायचा की मामंजींना त्या विहिरीचा कोण अभिमान! लांबून कोणी पाहुणे आले तर आधी तांब्याभर पाणी पुढं, आणि बघा कसं गोड आहे ते. खोटं कशाला बोलू, गोड होतंच, गारही होतं.

आणि घर असं की भट्टी कुठं संपली आणि स्वयंपाक कुठं सुरू झाला ते कळू नये. ज्या चमच्यानं रंग मोजायचा तोच चमचा कधी मिठाच्या बरणीत. कॉस्टिकचा, कातडी जाळणाऱ्या सोड्याचा, डबा हाताशी लागतो म्हणून जमिनीवर, साखरेच्या डब्यासारखाच डबा, मी तो उचलून माळ्यावर ठेवायची आणि मामंजी पुन्हा खाली आणायचे, मी ठेवायची, ते आणायचे, असं चाललेलं. लेकरू रांगायला लागलं तसा माझ्या जिवाला घोर. माझे हात बगा, अजून नखांच्या कडेला निळं आहे, हे काही जाणार नाही आता.

लेकरू म्हणजे सुमन, माझी एकुलती एक. दूध सुटलं तसं तिचं पोट बिघडलं ते बिघडलंच, चार दिवस बरी की पुन्हा हगवण, पोरीच्या बरगड्या दिसायला लागल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कन्नडमध्ये मला रागं भरल्या, औषध मी किती देऊ, तुमच्या घरात पाणी कुठलं? मी म्हटलं विहिरीचं. संडास किती लांब? मी हातानं दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, नळाचं पाणी पाजा, नाही जमलं तर खळखळून उकळून पाजा, विहिरीचं कच्चं पाणी पोरीच्या तोंडात जाऊ देऊ नका.

घरी येऊन सांगितलं तर मामंजी हसले. डॉक्टरीणबाईंनी आमची विहीर बघितली आहे का म्हणे. उकळायला ठेवलं तर म्हणायचे, सरपण भट्टीला लागतं, पाण्याची चव मारून टाकतेस. आणि आमचे हे! हे म्हणजे बाबा म्हणतील तसं, सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणाले बाबा तर ह्यांनी तिकडं तोंड करून नमस्कार केला असता. मी गुपचूप उकळायची, गाळायची, वेगळ्या कळशीत ठेवायची. पण मी भट्टीवर लड्या पिळत असले की आजोबा नातीला आपल्या हातानं विहिरीचं पाणी पाजायचे, मायेनं, मांडीवर घेऊन. मायाच होती ती, म्हणून तर बोलायची सोय नव्हती.

मग मी कोपऱ्यावरच्या सरकारी नळाला पाळी लावायला लागले. बायकांची ही गर्दी, भांडणं, पण कळशी भरून आणायची आणि सुमनला तेच. त्या पाण्याला औषधाचा वास, ब्लीचिंगचा. मामंजींना वास लागला. दुसऱ्या दिवशी घरात गिऱ्हाईकं बसलेली, शेजारचे बसलेले, त्यांच्यासमोर दोन वाडगे मांडले, एकात आपल्या विहिरीचं पाणी, एकात माझ्या कळशीतलं, दोन्हीत तोच रंग, दोन्हीत एक एक लडी. वाळल्यावर हातात घेऊन सगळ्यांना दाखवली, ही बघा विहिरीची, शेंदरी कसा पेटलाय, आणि ही नळाची, फिकट, डागाळलेली, मेलेली. सूनबाई हे माझ्या नातीला पाजते म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मी विष घालते. अंगाचा असा तिळपापड झाला माझा! मी तिथंच म्हटलं, मामंजी, पोर आहे ती, सूत नव्हे. तर हे मलाच म्हणाले, आत जा.

त्या दिवसापासून नळाची कळशी बंद. तोंडाला फेस येईस्तोवर सांगितलं, रडून सांगितलं, जेवण टाकून सांगितलं, कोणाच्या कानात शिरलं नाही.

सुमन शाळेत जायला लागली होती तेव्हाची गोष्ट. एक दिवस मामंजींनी तिला हाक मारली, परसात उजेडात उभी केली, लडी बघावी तशी तिची पापणी खाली ओढली आणि म्हणाले, शांता, पोरीला कावीळ झाली. मला स्वयंपाकघरातल्या अंधारात दिसलं नव्हतं, त्यांना एका नजरेत दिसलं. रंगाची अशी नजर! मला वाटलं आता तरी उमगेल. कसलं काय, उष्णता झाली म्हणाले, स्वतः जाऊन भुईआवळा आणला, स्वतः वाटला, आणि तो वाटताना पाणी कुठलं घातलं? विहिरीचं. मी बघत उभी.

पोर वाचली. कशी वाचली देवाला माहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एक दुखणं हे शरीर सोसणार नाही, पाणी बदलता येत नसेल तर पोरीची जागा बदला. मी घरी न विचारता रिक्षा केली आणि तिला अण्णाकडं नेऊन सोडली. वैनी दारात आली, पोरीला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली, राहू दे वन्सं, माझ्या दोन पोरांत तिसरी. मी परत आले तर घरात वादळ, पण एवढं एक मात्र मी ऐकलं नाही कोणाचं. मला तिथं राहता आलं नसतं, भट्टीला हात लागतात, आणि सासर सोडून भावाकडं किती दिवस राहणार? अमावास्येला आमच्याकडं भट्टी पेटवत नाहीत, तेवढ्या दिवशी मी जायची, लाडू घेऊन. पोर भरली, गाल आले, हगवणीचं नाव नाही. आनंद व्हायचा आणि परत येताना बसमध्ये पदर तोंडात कोंबून बसायची मी.

किती अमावास्या गेल्या! पोर परकर नेसायला लागली. आणि मग एका लग्नसराईत मोठ्या गिऱ्हाइकाचं सूत आलं, आणि रंग धरेना. ठिपके ठिपके, इकडं गडद, तिकडं फिकट. मामंजींनी रंग बदलला, तुरटी बदलली, पुन्हा बुडवलं, पुन्हा तेच. शेवटी विहिरीत उतरायला माणूस लावला, तो वर येऊन म्हणाला, स्वामी, म्हणजे मालक, संडासाकडच्या बाजूनं काळं पाणी झिरपतंय, आजकालचं नव्हे हे. मामंजी खाली बसले. विहीर बिघडली म्हणाले. लगेच कॉर्पोरेशनच्या कचेरीत खेपा घातल्या, नळ घेतला, नळाचं पाणी हंड्यात भरून उन्हात ठेवलं की औषधाचा वास उडतो आणि रंग नीट बसतो हेही शोधून काढलं. विहिरीवर फरशी टाकली. मग आत येऊन मला म्हणाले, सूनबाई, आता प्यायलाही नळाचंच भर, पाणी चांगलं आहे, मी बघितलंय.

मी बघितलंय! डोकं फिरलं माझं. मी म्हटलं, मामंजी, माझी पोर पिवळी पडली तेव्हा तुम्हाला पाणी दिसलं नाही, आणि लडीवर ठिपके आले तर दिसलं? इतकी वर्षं मी काय कानडीत बोलत होते? ते मान खाली घालून हंड्याकडं गेले. त्यानंतर फार दिवस जगले नाहीत, आता त्यांच्यावर कुठं चिडू मी, फोटोवर?

नळ आला त्याच आठवड्यात मी अण्णाकडं गेले, म्हटलं, चल गं, आता घरात नळ आहे. सुमन वैनीच्या मागं जाऊन उभी राहिली. वैनीची पोरं तिला अम्मा म्हणतात, ही पण अम्माच म्हणते. अण्णा म्हणाला, परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली, मग म्हणाला, शाळा चांगली आहे, पुढचं वर्ष. मी काय बोलणार, ज्यांनी पोर जगवली त्यांच्याशी भांडू?

आता येते ती सुट्टीत, दिवसभरासाठी. परवाच आली, उन्हातनं आली, चप्पल बाहेर काढली, दुकानातल्या बाकावर अंग चोरून बसली. नळ समोर, माठ भरलेला. पोरगी उठली नाही. मला म्हणाली, आई, स्वल्प पाणी मिळेल का? मी म्हटलं, घे की गं, तुझंच घर आहे. बोलून गेले बगा, पोटच्या पोरीला हे सांगायला लागावं? प्याली, पेला धुऊन ठेवला. मी म्हटलं, राहा आजची रात्र, तुला आवडते ती खीर करते. तर म्हणाली, नको, अम्मा वाट बघत बसेल.

जा म्हटलं. सुखानं जा.