लंकेची सहल

न्हाई ताई, पासपोर्ट तुमच्याकडं कावून ठेवायचा — हरवला तर परक्या मुलखात कुणाला सापडणार. मागच्या बारीला बी सगळ्या सदस्यांचे माझ्याकडंच व्हते, ह्याच बॅगंत. काढा निवांत, घाई न्हाई. चहा घ्या अगोदर, मांजरसुंब्यात असा चहा दुसऱ्या ढाब्यावर मिळत न्हाई. तुमचे मालक गहिनीनाथभाऊ खाली जेवायलेत — दोन पोरं बसवलीत त्यांच्या शेजारी, वाढायला. काय? नवऱ्याला इचारून सांगते? मंगलताई, पंचायत समितीवर निवडून तुमी आलात, हात तुमचा वर व्हणार, मग नवऱ्याला काय इचारायचं. पुढच्या सोमवारी सभापतीची निवड, अमरसिंहदादांना खुर्ची परत पायजे, तवर आपली माणसं आपल्यापाशी ठेवायची — सगळेच करतेत. पहिले गोव्याला न्यायचो, तर समोरचे तिथं येऊन सदस्य फोडायचे. म्हणून दादांनी समुद्रापल्याडचं काढलं. मागच्या बारीला विमानतळावर सगळे मला म्हणायले, नाव हनुमान आन चाललाय लंकेला, तिथं काय पेटवू नको बे. लई हसलो.

आन देश म्हंजे बघण्यासारखा, खोटं न्हाई बोलत. कोलंबोत समुद्राच्या कडंला हे एवढं मैदान, लेकराबाळांसकट लोक पतंग उडवायले, उंच काचेच्या इमारती, रस्त्यावर कागद सापडायचा न्हाई. म्युझियममधी दाखवले त्यांचे नाचातले मुखवटे — लाकडाचे, डोळे बाहेर आलेले, जीभ लोंबती. बंकट त्यातल्या एका म्होरं उभा ऱ्हायला. युसूफ वडगावचा बंकट हो, आपल्याच गटाचा सदस्य. म्हणला, दादा आपल्या अगोदरच हितं येऊन बसलेत की. सगळे हसले. मी बी हसलो. त्याला मारलं ते हसण्यापायी न्हाई, तसं कुणी सांगितलं आसंल तर खोटं हाय. त्यानं हाटेलातल्या पोऱ्याचा फोन मागून समोरच्यांना लावला — फोन तर समद्यांचे माझ्याकडं व्हते, मग हे धंदे कावून करायचे? मी दादांना कळवलं. दादा म्हणले, उद्या नदीवर नेणारच हायस ना.

नदी तिकडं डोंगरात, झाडी नुसती काळी. रबराची नाव, डोक्याला टोप, अंगात जाकीट, हातात वल्हं — तुमाला बी आवडंल, बाया बी बसतेत. मी बंकटच्या मागं बसलो. पाणी खडकावर आपटायलं, नाव उभी व्हायली, म्होरला गाइड वरडायला — त्या गोंधळात मी वल्ह्याचा दांडा त्याच्या उजव्या मनगटावर घातला. मोडल्याचं मला हातात कळलं, आवाज पाण्यात गेला. पाण्यात पडला, डाव्या हातानं नावंच्या दोरीला लोंबायला लागला, तर त्या बोटांवर बी दोन दिले. सोडली दोरी. पण जाकीट असलं की माणूस बुडत न्हाई, ताई. खाली दाबला की वर, दाबला की वर. मान धरून लई जोर लावावा लागला. डोळे त्या मुखवट्यावानी — जाऊ द्या. मेला न्हाई. मारायचा नव्हताच. दवाखान्यात सांगितलं, खडकावर पडला.

चहावर साय धरली बघा, घ्या की.

दादा खूश झाले. उजवा हात प्लास्टरात, गळ्यात अडकवलेला, आता ह्यो काय वर करतोय, म्हणले. आमी सगळ्यांनीच तसं धरलं. आन सभागृहात दादांवरचा अविश्वास ठराव आला, तवा बंकट उठला — बसल्या जागी न्हाई, उठून उभा ऱ्हायला — आन डाव्या हातानं उजवा उचलून धरला, प्लास्टरासकट, दादांकडं बघत. एका मतानं खुर्ची गेली. मग दादांनी मला ह्याच खोलीत बोलवलं, दार लावलं. तुमी बसलात त्याच खाटंवर पालथा पाडला, कमरंचा पट्टा, मग पाण्याचा पाइप, मग बूट. हे दात बघा — दिसतेत का, इकडचे न्हाईत. उठलो तर पाया पडायला लावलं. परवा म्हणले, ह्या बारीला एक बी हात हलला तर हनुमान, तुझे दोन्ही. म्हणून म्हणतो ताई, तुमच्यासाठी न्हाई तर माझ्यासाठी तरी, पासपोर्ट द्या, आठ दिवस समुद्र बघा, फोटू काढा —

हे काय? ताई, हात कावून वर केला? हसू न्हाई आलं मला. खाली घ्या. गहिनीनाथभाऊ खाली हायेत, इसरू नका. घ्या म्हणतो ना — जिन्यावर दादा यायलेत, ताई, पाया पडतो तुमच्या, हात खाली घ्या.