पिंगळीचं लिंबाचं झाड

आमचे इवाई, म्हणजे लेकीचे सासरे, हा किस्सा मीठमसाला लावून सांगत फिरतात, म्हणून खरा माझ्याकडूनच ऐका. नातवाच्या साखरपुड्याला आम्ही दोघं चुडाव्याहून रेल्वेनं परभणीला निघालो होतो. नवरीची अंगठी माझ्या खिशात होती. पिंगळीला गाडी थांबली. तेवढ्यात शेजारच्या रुळावरची मालगाडी हलली अन् इवाई घाबरले. "निघाली आपली गाडी, पाणी भरायचं राहिलं."

मी सातवी नापास, पण नातीच्या विज्ञानाच्या पुस्तकात डोकावलेलो. म्हणलं, "पाव्हणं, ती मालगाडी चाललीय. हलणाऱ्याकडं बघून आपली गती कळत नसती. इकडं लिंबाच्या झाडाकडं बघा. झाड जागी, तर आपण बी जागी."

अन् बाटली घेऊन मीच ऐटीत उतरलो, त्या झाडाखालच्या नळावर.

बाटली अर्धी भरली तोच खिडकीतून हाक आली. "पाव्हणं, चला लवकर, निघाली."

मी मान न वळवता म्हणलं, "परत मालगाडीकडंच बघायलाव का? झाडाकडं बघा म्हणलं ना."

"झाडाकडंच बघायलोय," इवाई म्हणाले. "झाड मागं चाललंय, अन् त्याच्याखाली तुमी बी, अंगठीसकट."