पेपरातलं नाव

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घातलेले आजोबा मिटल्या डोळ्यांनी बसले होते. शेजारी आजी यंदाचे जागतिक पुरस्कार पेपरातून वाचून दाखवत होत्या.

"साहित्याचा झाला, शांततेचा झाला. अगंबाई! अहो, विज्ञानाचा तुमच्या साहेबांना!"

"आमच्या प्रयोगशाळेतल्या? काय म्हणतात?"

"म्हणतात, 'ज्यांनी माझे उंदीर जिवापाड सांभाळले, त्यांचाही हा पुरस्कार आहे.' पुढे तुमचं नाव."

"नीट छापलंय?"

"अगदी आडनावासकट."

"बावीस वर्षांत साहेबांना ते कधी धड घेता आलं नाही."

"आता आलं म्हणायचं."

"पेपर घरी नेऊ. दिसायला लागलं की मीच वाचतो."

"न्यायचा नाही. दवाखान्याचा आहे."

"असं? बरं. मग पुन्हा एकदा वाच."